वंचितांचे शिक्षण आणि मैदान : एक अभ्यास

गेल्या काही वर्षांत आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती मोबाइल आला आणि त्यासोबत परदेशी मालिकाही आल्या. त्यांतली एक मालिका वरच्या वर्गातल्या मुलामुलींच्या बोलण्यात आली, म्हणून मी ती पाहिली. ‘ऑल अमेरिकन : होमकमिंग’ असे तिचे नाव. २०२२ ते २०२४ या काळात अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर तिची तीन पर्वे झाली. अटलांटा शहरातील ब्रिंगस्टन नावाच्या एका काल्पनिक कृष्णवर्णीय विद्यापीठात ती घडते. टेनिस खेळणारी सिमोन आणि बेसबॉल खेळणारा डेमन हे तिचे नायक-नायिका. व्यावसायिक बेसबॉलची वाट मोकळी असताना डेमन आधी या विद्यापीठात शिकायला येतो आणि मोडकळीस आलेला तिथला संघ पुन्हा उभा करण्याच्या कामात सामील होतो. प्रेमप्रकरणे, गैरसमज, भरजरी कपडे हा दूरचित्रवाणीचा नेहमीचा मसाला तिच्यात भरपूर आहे आणि त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. परंतु मालिकेचे शीर्षक मात्र आपल्या या स्मरणिकेच्या वाचकांनी लक्षात घ्यावे असे आहे. ‘होमकमिंग’ म्हणजे घरी परतणे. अमेरिकेतील महाविद्यालयांत दरवर्षी एका ठरलेल्या आठवड्यात जुने विद्यार्थी संस्थेत परततात, वाद्यवृंदाची मिरवणूक निघते, फुटबॉलचा सामना होतो आणि नव्याजुन्या पिढ्या एकाच मैदानाच्या कडेला उभ्या राहतात. कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांत या दिवसाला कुलाच्या उत्सवासारखे महत्त्व आहे. आपला माजी विद्यार्थी मेळावा हा त्याच जातीचा प्रसंग. फरक इतकाच की त्यांच्या मेळाव्याचा केंद्रबिंदू मैदान असते आणि आपल्या मेळाव्याचा केंद्रबिंदू व्यासपीठ.

हा फरक लहान नाही, म्हणून प्रस्तुत लेखाचा विषय तोच घेतला आहे.

प्रथम त्या महाविद्यालयांविषयी. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले आणि गुलामगिरी कायद्याने गेली. पाठोपाठ १८६६ मध्ये फिस्क, १८६७ मध्ये हॉवर्ड आणि मोअरहाउस या संस्था उभ्या राहिल्या. १८८१ मध्ये अलाबामातील टस्कीगी येथे बुकर टी. वॉशिंग्टन यांनी आपले काम सुरू केले. गोऱ्यांच्या विद्यापीठांचे दरवाजे बंद होते, त्यामुळे स्वतःच्या शिक्षणाची व्यवस्था स्वतः करणे भाग होते. ज्या डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहून अस्पृश्यांचा आणि अमेरिकी कृष्णवर्णीयांचा प्रश्न किती सारखा आहे हे कळवले, ते द्यु बॉइस फिस्कचेच विद्यार्थी. स्वतः बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. कृष्णवर्णीयांची वस्ती असलेले हार्लेम तिथून पायी जाण्याच्या अंतरावर.

या संस्थांतून वकील, डॉक्टर, धर्मोपदेशक निघाले हे आपल्याला ठाऊक असते. खेळाडू निघाले हे सहसा ठाऊक नसते. ॲल्थिया गिब्सन ही फ्लोरिडा ए. अँड एम. या कृष्णवर्णीय विद्यापीठाची पदवीधर. १९५७ आणि १९५८ अशी सलग दोन वर्षे तिने विम्बल्डन जिंकले. टेनेसी स्टेट या विद्यापीठाचे उदाहरण तर शिक्षकांनी अभ्यासावे असे आहे. एड टेम्पल नावाच्या प्रशिक्षकाने १९५० पासून १९९४ पर्यंत तिथल्या मुलींना धावायला शिकवले. पैसा तुटपुंजा, सोयी जेमतेम. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये विल्मा रुडॉल्फने तीन सुवर्णपदके मिळवली. लहानपणी पोलिओने तिचा पाय अधू झाला होता. बावीस भावंडांतली ती विसावी. त्या ऑलिंपिकमध्ये चार गुणिले शंभर मीटर रिले जिंकणाऱ्या अमेरिकी संघातल्या चारही मुली याच एका विद्यापीठाच्या होत्या. टेम्पल यांच्या हाताखालून चाळीसच्या आसपास ऑलिंपिकपटू गेले आणि जवळजवळ सर्वांनी पदवी पूर्ण केली. प्रशिक्षक अभ्यासाबाबत पदकाइतकाच आग्रही होता. विल्मा गावी परतली तेव्हा क्लार्क्सव्हिल गावाने तिच्या स्वागताची मिरवणूक काढायचे ठरवले. गोऱ्यांची व कृष्णवर्णीयांची रांग वेगळी असेल तर मी येणार नाही, असे तिने कळवले. त्या गावातला तो पहिला एकत्रित सार्वजनिक समारंभ ठरला. वीस वर्षांच्या मुलीचे हे ‘घरी परतणे’ मला त्या संपूर्ण मालिकेपेक्षा अधिक मोलाचे वाटते.

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडे अशा संस्था नव्हत्या काय? होत्या. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातवार वसतिगृहे काढली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेचे कुस्ती मैदान उभे केले. वसतिगृह आणि आखाडा यांत त्यांना विरोध दिसला नाही. बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. जानेवारी १९२५ मध्ये तिच्या वतीने सोलापूरला वसतिगृह सुरू झाले, हे आपण प्रत्येक जयंतीच्या भाषणात सांगतो. याच सभेने मुंबईत मोफत वाचनालय काढले आणि त्याबरोबर महार हॉकी क्लबही चालवला, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. तरुणांनी जुगार, दारू यांपासून दूर राहावे, त्यांच्या सायंकाळला काही चांगले वळण लागावे, हा हेतू. वाचनालय आणि हॉकीची काठी ही दोन्ही साधने एकाच सभेच्या एकाच कार्यक्रमात होती. नंतर ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी, २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय ही मालिका आली. या महाविद्यालयांनी आपल्याला प्राध्यापक दिले, न्यायाधीश दिले, प्रशासक दिले, आणि दलित साहित्याची एक अख्खी पिढी दिली. आमच्या समाजाच्या स्मरणात महाविद्यालय म्हणजे ग्रंथ असे समीकरण त्यातूनच पक्के झाले. हॉकी क्लब विस्मरणात गेला.

विस्मरणात गेलेल्या गोष्टींत याहून मोठे एक नाव आहे.

पळवणकर हे आडनाव कोकणातल्या पळवण गावावरून आले. चर्मकार समाजातले हे कुटुंब. बाळू पळवणकर यांचा जन्म १८७६ मध्ये धारवाडला झाला. वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने मुलांचे लहानपण पुण्याच्या छावणीत गेले. तिथे गोऱ्या सैनिकांचा खेळ पाहत पाहत बाळू आणि त्यांचे भाऊ चेंडू हाताळायला शिकले. पहिली नोकरी पारशांच्या क्रिकेट क्लबात, खेळपट्टी झाडण्याची व रोलर फिरवण्याची, महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात लागले. पगार चार रुपये. तिथे कॅप्टन ग्रेग नावाचा नामांकित इंग्रज फलंदाज सरावाला येई. बाळू त्याला रोज तासन्‌तास गोलंदाजी करीत. आपल्याला बाद केले की ग्रेग दर वेळी आठ आणे देत असे, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. बाळूंना गोलंदाजी करू दिली, फलंदाजी करू दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा अधिकार. चेंडू टाकणे हे चाकराचे काम. त्या चाकराच्या कामातूनच हिंदुस्थानातला पहिला थोर डावखुरा फिरकी गोलंदाज घडला.

गोरे साहेब याच्या चेंडूवर अडखळतात ही वार्ता पुण्यातल्या हिंदू क्लबाच्या कानी गेली. युरोपियनांना हरवायचे तर हा माणूस हवा. मोठी खळबळ झाली आणि अखेर बाळूंना संघात घेतले. येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून पाहिले पाहिजे. मैदानावर बाळूंच्या हातातला चेंडू ब्राह्मण क्षेत्ररक्षक झेलीत. त्या चेंडूला विटाळ नव्हता. चहाची वेळ झाली की इतर खेळाडू तंबूत चिनी मातीच्या कपांतून चहा घेत आणि बाळूंना तंबूबाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताट वेगळे, टेबल वेगळे. तोंड धुवायचे तर दुसरा अस्पृश्य नोकर पाणी घेऊन येई. दुपारी त्याच हाताने पाच बळी घ्यायचे आणि त्याच हाताने मातीचे भांडे फोडायचे. जात किती हिशेबी असते हे या दृश्यातून जितके कळते तितके जातिव्यवस्थेवरच्या व्याख्यानातून कळत नाही. मी इयत्ता नववीला हा प्रसंग सांगतो तेव्हा वर्गात कोणीतरी विचारतेच, “सर, मग ते खेळले का?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पुढच्या तीस वर्षांत आहे.

प्लेगच्या दिवसांत कुटुंब मुंबईला आले. मुंबईतली मैदाने तेव्हा धर्माच्या नावाने वाटलेली होती. आज मरीन ड्राइव्हच्या बाजूने जाताना पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना रांगेने दिसतात, ते त्या वाटणीचे अवशेष. अस्पृश्यांचा जिमखाना त्या रांगेत नाही. बाळूंना खेळायचे होते तर हिंदू जिमखान्याच्या दारानेच जावे लागणार होते आणि ते दार त्यांच्या गोलंदाजीच्या बळावर उघडले. १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. बाळूंनी दोन डावांत मिळून आठ बळी घेतले. धाकटे भाऊ शिवराम हेही त्या संघात होते. देशभर या विजयाची चर्चा झाली. बंगालच्या फाळणीविरुद्ध स्वदेशीची चळवळ पेटलेली असताना गोऱ्यांना गोऱ्यांच्या खेळात हरवणे ही मोठीच गोष्ट होती.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल हिंदुस्थानी संघ इंग्लंडला गेला. दौरा एकूण अपयशी ठरला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र ११४ बळी घेतले, सरासरी अवघी १८.८४. त्यांचे वय तेव्हा पस्तिशीच्या घरात होते आणि खांदा दुखत होता. परतल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या मानपत्राशी चरित्रकारांनी एका तरुणाचे नाव जोडले आहे. एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत असलेला भीमराव रामजी आंबेडकर. समाजाला तेव्हा दोनच प्रकारचे पुरुषार्थ डोळ्यांसमोर दिसत होते. एक विलायतेत चेंडू टाकून आला होता, दुसरा विलायतेत शिकायला जाणार होता.

बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही. संघातले सर्वांत ज्येष्ठ, सर्वांत यशस्वी, तरीही नाही. बळी घेण्यासाठी बाळू हवेत, परंतु नाणेफेकीला ब्राह्मणच जाणार. पुढे १९२० मध्ये हा प्रश्न उघड्यावर आला. ‘मूकनायक’ सुरू झाले त्याच वर्षाची ही गोष्ट. चौरंगी सामन्यांच्या वेळी कर्णधार पै आजारी पडले. विठ्ठल आणि शिवराम हे दोघे पळवणकर बंधू संघात असताना कर्णधारपद पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांकडे देण्यात आले. देवधर मोठे खेळाडू होते, यात वाद नाही. परंतु ज्येष्ठता आणि कामगिरी या कसोट्या अशा वेळी बाजूला का सरकतात, हा प्रश्न होता. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि माघारीचे कारण जाहीर निवेदनातून लोकांपुढे मांडले. महाडच्या सत्याग्रहाला अद्याप सात वर्षे होती. क्रिकेटच्या मैदानावरील या बहिष्काराला आपल्या चळवळीच्या इतिहासात स्थान मिळायला हवे होते, मिळालेले नाही. पै बरे होऊन परतले तेव्हा बंधूही संघात परतले. आणि १९२३ मध्ये विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्याच वर्षी त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवून चौरंगी सामने जिंकले. प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेतले. वडील बंधूंनी ज्या भांड्यात चहा प्यायला, त्यानंतर पाव शतकाने हे घडले. विठ्ठलांनी आपले आत्मचरित्र मराठीतच लिहिले, ‘माझे क्रीडा-जीवन’, १९४८. आपल्या ग्रंथालयात ते नाही. असायला हवे, ज्यांच्याकडे जुनी प्रत असेल त्यांनी निदान छायाप्रत करू द्यावी.

येथपर्यंतचा भाग सांगायला सोपा आहे. यापुढचा भाग आमच्यापैकी पुष्कळजण गाळतात. बाळू पळवणकर राजकारणात बाबासाहेबांच्या बाजूला उभे राहिले नाहीत. स्वतंत्र मतदारसंघांच्या वादात ते संयुक्त मतदारसंघांच्या पक्षाचे होते आणि २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराखाली त्यांचीही सही आहे. येवल्याच्या धर्मांतराच्या घोषणेला त्यांनी विरोध केला. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत प्रत्यक्ष बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. फरक दोन हजारांचा. काँग्रेसने त्यांची कीर्ती वापरली हे उघड आहे. आणि त्यांनी ती वापरू दिली हेही तितकेच उघड आहे.

एवढ्यावरून आम्ही त्यांना इतिहासातून वजा केले. मला हे पटत नाही. बाळूंचे सगळे आयुष्य हिंदूंच्या संघात एक जागा मिळवण्यात गेले होते. कणाकणाने ती जागा मिळालीही होती. ज्याच्या अनुभवात दार थोडे थोडे उघडत गेले, त्याला ते पूर्ण उघडेल अशी आशा वाटणे स्वाभाविक होते. बाबासाहेबांनी त्याच दाराचा अधिक खोल अभ्यास केला होता आणि ते का उघडणार नाही हे त्यांना कळले होते. मैदानावर मिळालेला मान मैदानाबाहेर टिकतोच असे नाही, हे बाळूंच्याच कहाणीतून बाबासाहेबांच्या बाजूने सिद्ध होते. १९२३ मध्ये विठ्ठलांना खांद्यावर घेणाऱ्या शहरात कोणी आपली विहीर उघडली नाही. तरीही बाळूंच्या राजकीय निर्णयाशी मतभेद ठेवून त्यांच्या डाव्या हाताचा अभिमान बाळगता येतो. विद्यार्थ्यांना दोन्ही सांगावे. पंधरा वर्षांच्या मुलाला हे समजत नाही असे मानणे म्हणजे त्याच्या बुद्धीचा अपमान आहे.

धर्मवार सामन्यांची ती पद्धत १९४६ मध्ये बंद झाली. सिद्धार्थ महाविद्यालय त्याच वर्षी सुरू झाले. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही, परंतु शेजारी ठेवून पाहाव्यात अशा त्या आहेत. एका बाजूला जमातीच्या नावाने वाटलेली मैदाने इतिहासजमा झाली. दुसऱ्या बाजूला वंचितांच्या पुढाकाराने काढलेले आणि सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना मोकळे असलेले महाविद्यालय उभे राहिले.

आता पडद्याविषयी, कारण मूळ निमित्त मालिकेचे आहे. आपली मुले इतिहास पुस्तकातून कमी आणि पडद्यावरून अधिक शिकतात. ‘लगान’ (२००१) सर्वांनी पाहिला आहे. त्यात कचरा नावाचा अस्पृश्य गोलंदाज आहे. चित्रपटाची कथा १८९३ मधली. नेमक्या त्याच वर्षांत खरे बाळू पुण्यात ग्रेगला चेंडू टाकत होते. दोन्हींची तुलना करावी. कचऱ्याचा चेंडू फिरतो तो त्याचा हात अधू आहे म्हणून. बाळूंचा चेंडू फिरे तो रोजच्या तासन्‌तास सरावाने. कचरा फारसा बोलत नाही; त्याच्या वतीने नायक गावाला उपदेश करतो आणि गाव वितळते. विठ्ठल आणि शिवराम यांनी आपले निवेदन स्वतः लिहिले होते. पडद्यावर आमचा माणूस गुणी दाखवला, परंतु त्याचा गुण अपघाताने आलेला आणि त्याची वाचा दुसऱ्याची. हा चित्रपट मला आवडतो, सामन्याचा थरार तर अप्रतिमच. तरीही हे सांगितले पाहिजे.

नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ने (४ मार्च २०२२) हे चित्र बदलले. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलकडे वळवले. पावसात तुटकी बादली लाथाडणारी मुले पाहून त्यांना ही कल्पना सुचली आणि २००१ पासून हे काम ‘स्लम सॉकर’ या नावाने उभे राहिले. चित्रपटात महाविद्यालय आणि वस्ती यांच्यामध्ये एक भिंत आहे. अमेरिकी मालिकेत विद्यापीठ नायकाचे घर आहे. ‘झुंड’मध्ये महाविद्यालय भिंतीपलीकडे आहे आणि मुले भिंतीवरून उडी मारून येतात. दोन समाजांच्या स्थितीतला फरक त्या एका भिंतीत आला आहे. त्यांनी स्वतःची महाविद्यालये दीडशे वर्षे चालवली. आमच्यापाशी आहेत त्या थोड्याच, आणि त्यांतल्या कित्येकांना मैदान नाही.

‘झुंड’मधले दोन भाग मला विशेष वाटतात. एक, मुले शिक्षकाच्या घरी बसून आपापली कहाणी आपल्या शब्दांत सांगतात तो. दुसरा, परदेशी सामन्यासाठी पासपोर्ट काढताना होणारी ओढाताण. रिंकू राजगुरूने साकारलेल्या आदिवासी मुलीला आपण कोण आहोत हे सिद्ध करणारा कागद मिळवण्यासाठी वडिलांसह वणवण करावी लागते. डॉनवरचा पोलिसी गुन्हा त्याच्या आड येतो. चेंडूला लाथ मारण्याची ताकद पायात असते, परंतु विमानात बसण्यासाठी कागद लागतो आणि तो कागद मिळवण्यासाठी शिक्षण लागते. आंबेडकर जयंतीची मिरवणूक या चित्रपटात आहे, बाबासाहेबांची भव्य प्रतिमा आहे आणि तिच्यापुढे नाचणारी मुलेही आहेत. हिंदीच्या मोठ्या पडद्यावर हे दृश्य येण्यासाठी २०२२ साल उजाडावे लागले. चित्रपट जवळजवळ तीन तासांचा आहे, काही ठिकाणी रेंगाळतो. पालकांनी मुलांबरोबर दोन बैठकांत पाहिला तरी चालेल.

आता आपल्या आवाराकडे. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड या पट्ट्यातून आणि पलीकडे अंधेरी-बोरिवलीकडून आपल्याकडे मुले येतात. बहुतेकांच्या वस्तीत खेळायला जागा म्हणजे दोन इमारतींमधली बोळ, नाल्याच्या कडेची पट्टी किंवा मंडळाने सायंकाळपुरती मोकळी ठेवलेली कबड्डीची माती. उपनगरांत कबड्डी टिकली याचे एक कारण हेच. तिला चेंडू लागत नाही, जाळे लागत नाही, बूटही लागत नाहीत. निवासी शाळेत आल्यावर अशा मुलाला पहिल्यांदा सरळ साठ मीटर धावायला मिळते. हे त्याला मिळणारे पहिले धन आहे, आणि दहावीच्या वर्षी आपण तेच प्रथम काढून घेतो.

हे मी अतिशयोक्तीने लिहीत नाही. दरवर्षी जून-जुलैत पालक चिठ्ठी घेऊन येतात: यंदा दहावी आहे, पाल्याचा खेळ बंद करावा. मुलांच्या बाबतीत दहापैकी चार जणांच्या तर मुलींच्या बाबतीत आठ जणींच्या चिठ्ठ्या येतात, असा माझा अनेक वर्षांचा अंदाज आहे. त्यामागची काळजी मला कळते. ज्या घरात पहिली पदवी अजून यायची आहे, त्या घराला एक वर्ष गमावणे परवडत नाही. बाबासाहेब अठरा-अठरा तास वाचीत, हे आम्हीच शिकवलेले आहे. परंतु संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा हा तास काढून घेतल्याने तो अभ्यासाकडे जातो, असे दिसत नाही. तो तास बहुतेकदा मोबाइलकडे जातो. आणि धावणारी मुलगी एकदा थांबली की अकरावीत पुन्हा धावत नाही; तिचे मैदान कायमचे सुटते. व्यवहाराची बाजूही पाहावी. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, आणि शालान्त परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. यासाठी जिल्हा, विभाग, राज्य या पायऱ्या चढाव्या लागतात, प्रमाणपत्रे वेळेवर पडताळून घ्यावी लागतात. पासपोर्टच्या कागदासारखेच हेही काम. माजी विद्यार्थ्यांपैकी जे शासकीय सेवेत आहेत, त्यांनी वर्षातून एक रविवार या कागदांसाठी दिला तर पुष्कळ मुलांचे काम होईल.

माजी विद्यार्थ्यांना आणखी एक विनंती. यंदाच्या मेळाव्यात भाषणे थोडी आटोपती घेऊन दुपारी चार वाजता आजी विद्यार्थ्यांविरुद्ध माजी विद्यार्थी असा कबड्डीचा एक सामना ठेवावा, आणि मुलींचा खो-खोचाही. व्यवस्थापनाशी बोलणे झाले आहे, तत्त्वतः मान्यता आहे. मातीवर चुना मारण्याचे काम दहावीच्या मुली करणार आहेत. तसे त्यांनीच कळवले आहे. ज्यांना खेळता येणार नाही त्यांनी गुण लिहायला बसावे. नावे १५ तारखेपर्यंत वसतिगृहाच्या कार्यालयात द्यावीत.